शिलाई मशीनच्या चोरीत बसवून ठेवलेला माणूस

खुनाचे, दरोड्याचे, दंगलीचे गुन्हे मी नोकरीत बरेच तपासले. त्यांतल्या कित्येकांचे तपशील आता मलाही धड सांगता यायचे नाहीत. पण पाच शिलाई मशीनच्या चोरीचा एक साधा गुन्हा होता. त्यात कोणाला ओरखडाही आला नव्हता. तो मात्र मला तपशिलानिशी आठवतो, आणि आठवला की बरे वाटत नाही.

निवृत्तीला तीन-साडेतीन वर्षे राहिली होती. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस निरीक्षक होतो. नवरात्र तोंडावर आले होते. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती आणि मी रात्रीच्या गस्तीचा अहवाल पाहत होतो. तेवढ्यात ठाणे अंमलदाराने चार-पाच बायकांना आत पाठवले. गावातल्या एका महिला बचत गटाच्या त्या होत्या. गटाच्या अध्यक्षा पुढे आल्या. वय पस्तिशीच्या आसपास, बोलणे नीटनेटके. त्यांनी सांगितले, "साहेब, आमच्या शिवणकामाच्या खोलीतून पाच मशीन गेल्या. कुलूप जसंच्या तसं हाय."

मी दोन हवालदार घेऊन जागेवर गेलो. एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची खोली गटाने भाड्याने घेतली होती. आत मोटारीवर चालणाऱ्या नऊ मशीन होत्या. त्यांतल्या पाचांचे नुसते लाकडी पाट आणि लोखंडी स्टँड उभे होते. वरचा मुख्य भाग, ज्याला कारागीर 'हेड' म्हणतात, तो नट काढून नेलेला. नट एका बाजूला व्यवस्थित ठेवले होते. दिवाळीसाठी गाऊन आणि परकर शिवून देण्याचे काम गटाने नांदेडच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून घेतले होते. कापड येऊन पडले होते. चौदा बायकांची दिवाळी त्या कापडावर होती.

पंचनामा केला. कुलूप फोडलेले नव्हते, खिडकीचे गज शाबूत होते. म्हणजे चावीनेच काम झाले होते. चाव्या किती, असे विचारले.

"दोन," अध्यक्षा म्हणाल्या. "एक माझ्याकडं. एक मिस्त्री चाचांकडं."

मिस्त्री म्हणजे गावात तीस-बत्तीस वर्षे शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. साठीकडे झुकलेला, सडपातळ, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. बाजारात त्याचे पत्र्याचे छोटे दुकान होते. सुटीच्या दिवशी बायका नसताना तो येऊन मशीनना तेल घालायचा, पट्टे बघायचा, म्हणून त्याच्याकडे चावी. चोरी उघडकीला आली त्याच्या आदल्या दिवशीच गटाला सुटी होती.

नट पद्धतशीर काढलेले, चावी हातात, सुटीचा दिवस. माझ्या डोक्यात तपास जवळजवळ तिथेच संपला. तपासी अधिकाऱ्याने ज्या गोष्टीपासून सावध राहायला हवे ती हीच, हे मी नव्या फौजदारांना शिकवत असे.

दुसऱ्या दिवशी खबर आली. बाजारातल्या एका पानटपरीवाल्याकडून मला अधूनमधून माहिती मिळायची. तो म्हणाला, "साहेब, परवा दुपारी मिस्त्रीच्या दुकानासमोर तीनचाकी लागली व्हती. बारदाण्यात गुंडाळून मशीनचे हेड भरले. म्या डोळ्यानं बघितलं." खबऱ्या खोटे बोलला नव्हता. त्याने पाहिले ते खरेच होते. त्याचा अर्थ मात्र मी लावला.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. भाजीवाले, बांगड्यांची दुकाने, खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया, सगळा रस्ता भरलेला. त्या गर्दीतून मी जीप घेतली आणि मिस्त्रीच्या दुकानासमोर उभी केली. तो एका बाईची कात्री धार लावून परत देत होता. मी जीपमधूनच म्हणालो, "चल, बस गाडीत."

माझ्याहून वयाने मोठ्या माणसाला मी एकेरीत बोललो. त्याने बाईच्या हातात कात्री दिली, पैसे घेतले नाहीत, फळी ओढली आणि जीपमध्ये बसला. काय झाले, असे त्याने विचारलेही नाही. त्याचे न विचारणेही मी त्याच्या विरोधात धरले. पुढे कळले, तो लोकांसमोर विचारायला लाजला होता.

ठाण्यात मी त्याला समोर उभे केले.

"परवा तीनचाकीत काय भरलं?"

"माझेच जुने हेड, साहेब. पायमशीनचे. बारा-पंधरा वर्षांत जमलेले, गंजलेले. नांदेडच्या एका भंगारवाल्याला दिले."

"पावती?"

"भंगारची कुठं पावती राहते, साहेब? फोन नंबर हाय त्याचा."

मी त्याच्यासमोरच भंगारवाल्याला फोन लावला. पोलीस ठाण्यातून बोलतोय, अमुक मिस्त्रीकडून मशीन घेतल्या का, असे विचारले. पलीकडून लगेच उत्तर आले, "न्हाई साहेब. आम्ही कोणाकडून काई घेतलं न्हाई." छोट्या धंदेवाल्याला पोलिसाचा फोन गेला की पहिले उत्तर नाहीच असते. तीस वर्षे नोकरी करून मला हे माहीत नव्हते असे नाही. पण ते 'नाही' मला हवे तसे होते.

मिस्त्रीचा चेहरा पडला. तो म्हणाला, "तो भिला, साहेब. माणूस पाठवून बघा, माल पडलेला असंल तिथं." मग म्हणाला, "आन् आणखी एक सांगू? चोरीला गेलेल्या पाची मशीनचे नंबर माझ्याकडं हायत. हेडच्या पाटीवर नंबर कोरलेला राहतो. कोणत्या मशीनला कोणता पार्ट घातला ते ध्यानात राहावं म्हणून म्या वहीत लिवतो. नंबर घेऊन दुकानदारांकडं विचारा."

मी म्हणालो, "नंबर घेऊन काय पूजा करू? हेड कुठं ठेवलेत ते सांग."

हे वाक्य मी उच्चारले, ते तसेच लिहितो आहे.

मी त्याला मारहाण केली नाही. अंगाला बोट लावले नाही. अटक दाखवण्याइतका पुरावा नव्हता, म्हणून डायरीत 'चौकशीकामी बोलावले' एवढी नोंद केली आणि त्याला व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसवले. तो दिवस आणि दुसरा दिवस. संध्याकाळी घरी सोडायचे, सकाळी पुन्हा बोलवायचे. हे मी सौम्य वागणे समजत होतो. ठाण्यात येणारा प्रत्येक माणूस त्या बाकड्यावरून पुढे जातो. हरवलेल्या कागदपत्रांचा दाखला मागणारा, भांडण घेऊन येणारा, पासपोर्टच्या पडताळणीला येणारा. बाजारातल्या बहुतेक लोकांनी त्या दोन दिवसांत मिस्त्रीला तिथे पाहिले. गटाच्या बायकाही एकेक करून जबाब द्यायला आल्या. काहींनी त्याच्याकडे बघितले, काहींनी पदर पुढे ओढला. अध्यक्षा दोन्ही दिवशी येऊन तपास कुठवर आला ते विचारून गेल्या. मिस्त्री त्यांना म्हणाला, "बेटी, कापडावर पाणी पडू देऊ नका, ती खोली गळते." त्या पदर सावरून पायऱ्या उतरून गेल्या.

ठाण्यात एक महिला हवालदार होती. घरी तिची आई शिवणकाम करायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या केबिनमध्ये आली. "सर, मिस्त्रीची वही मी दुकानातून मागवून घेतली. पाच नंबर उतरवून काढलेत. लातूरला जुन्या मशीनची खरेदी-विक्री चालते. आईच्या ओळखीचा एक दुकानदार आहे तिथं. त्यानं त्यांच्या दुकानदारांच्या ग्रुपवर नंबर टाकले. दोन नंबर एका दुकानात सापडलेत."

मी खुर्चीत सरळ झालो. "विकणारा कोण?"

"दुकानदारानं आधार कार्डचा फोटो घेऊन ठेवलाय. पैसे फोनवरून पाठवलेत." तिने फोन माझ्यासमोर ठेवला.

आधार कार्डवरचा फोटो मी ओळखला. अध्यक्षांचा नवरा होता तो. एका खासगी शाळेत लेखनिक. गटाच्या कार्यक्रमात हार घालायला पुढे असायचा. पहिल्या दिवशी फिर्याद द्यायला बायकोला मोटारसायकलवर सोडायला तोच आला होता.

त्याला बोलावले. फोटो समोर ठेवल्यावर अर्धा तासही लागला नाही. मोबाईलवर पत्त्यांचा खेळ खेळायचा नाद होता. सुरुवात गंमत म्हणून, मग पगार, मग बायकोची पोत, मग पतसंस्थेचे कर्ज. सुटीच्या दिवशी भल्या पहाटे बायकोची चावी घेतली, ओळखीच्याचा टेम्पो आणला, हेड काढले आणि लातूर गाठले. नट व्यवस्थित का ठेवले, असे मी विचारले. तो रडत म्हणाला, "परत आणून बसवायचे व्हते, साहेब. एक डाव लागला असता तर दोन दिवसांत परत विकत घेऊन आणणार व्हतो. कोणाला कळलंबी नसतं."

त्याचे रडणे ढोंगी नव्हते. जुगारी माणूस उद्या सगळे परत करणार असतोच, आणि त्यावर त्याचा मनापासून विश्वास असतो. ते मी त्याआधीही पुष्कळदा पाहिले होते.

त्यानंतर अध्यक्षांना बोलावले. महिला हवालदार बाजूला बसली. मी विचारले, "तुम्हाला कधी कळलं?"

त्या म्हणाल्या, "फिर्याद दिली तवा माहीत नव्हतं, साहेब. देवाशपथ. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या फोनवर लातूरच्या दुकानदाराचा मेसेज बघितला."

"म्हणजे मिस्त्रीला आणलं त्या दिवशी."

"हाव."

"मग तुम्ही रोज ठाण्यात येत होतात. ते बाकड्यावर बसलेले दिसत नव्हते?"

"दिसत व्हते. मला मशीन शिकवली त्यांनी. सुई मोडली की पळत जायची मी त्यांच्याकडं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तशाच बोलत राहिल्या. "मला वाटलं, चाचांकडं काई सापडणारच न्हाई, मग तुम्ही सोडून द्याल. त्यांचं काय, दोन दिवस बसतील. माझा माणूस मात्र गेला असता."

यावर मी त्यांना सुनवायला हवे होते. पण मी जबाबाचा कागद पुढे ओढला. दोन दिवस बसल्याने माणसाचे काय जाते, असेच मीही मानत होतो.

संध्याकाळ झाली होती. मी बाहेर जाऊन मिस्त्रीला म्हणालो, "माल सापडला. तुमचा संबंध नाही. तुम्ही जाऊ शकता." आता मी 'तुम्ही' म्हणत होतो.

कोणी चोरी केली, हे त्याने विचारले. मी सांगितले. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत घातला. म्हणाला, "बेटीचं घर मोडलं मग." एवढेच. मग म्हणाला, "साहेब, एक अर्ज हाय. तोंडी."

"बोला."

"मला असंच पायी जाऊ देऊ नका. उद्या सकाळी, दुकानं उघडायच्या टायमाला, तुम्ही जीपनं मला दुकानावर सोडा. तुम्ही स्वतः उतरा. दोन मिनिटं बसा, एक चहा घ्या. जास्त काई न्हाई. मी काई बोलणार न्हाई, तुम्हीबी काई बोलू नका. लोकांनी फकस्त बघावं."

मी लगेच हो म्हणालो. मनापासून म्हणालो. "तुम्ही सकाळी दुकानावरच थांबा, मी तिथं येतो," असे सांगून एका शिपायाच्या मोटारसायकलवरून त्याला घरी पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अधीक्षक कार्यालयातून फोन आला. माहूरच्या नवरात्राच्या बंदोबस्ताला निम्मा स्टाफ घेऊन ताबडतोब निघायचे होते. मी निघालो. दहा-अकरा दिवस गडावर गर्दीच्या रांगा, हरवलेली मुले, पाकीटमार यांच्यात गेले. हे कारण खरे आहे, पण पुरे नाही. बाजारातून जीप वळवून जायला वीस मिनिटे पुरली असती. परत आल्यावर तर वेळच वेळ होता. मी गेलो नाही, कारण मला अवघड वाटत होते. निरीक्षकाने ज्याला उचलून आणले त्याच्याच टपरीत बसून चहा प्यायचा, म्हणजे चूक झाली हे भर बाजारात कबूल करायचे. स्टाफ काय म्हणेल, गावातले पुढारी काय म्हणतील, असा विचार मी केला. एक आठवडा गेला, मग दुसरा, आणि नंतर जाणे आणखीच अवघड झाले.

तपास म्हणून पाहाल तर तो यशस्वी होता. पाचपैकी तीन हेड मिळाले, दोन पुढे विकले गेले होते. दोषारोपपत्र वेळेत गेले. वरिष्ठांनी शाबासकी दिली आणि ती मी घेतली. महिला हवालदाराचे नाव बक्षिसासाठी पाठवले, एवढे एक काम मी नीट केले. मिळालेले हेड मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा झाले. न्यायालयाचा आदेश होऊन ते गटाच्या ताब्यात जाईपर्यंत दिवाळी उलटून गेली होती. व्यापाऱ्याने कापड परत नेले. अध्यक्षा दोन मुले घेऊन माहेरी गेल्या. गटाच्या बायकांनी उरलेल्या मशीन आपापसात वाटून घेतल्या आणि गट मोडला.

मिस्त्रीचे काय झाले ते मला महिला हवालदाराकडून कळत गेले. तो निर्दोष आहे हे गावात सगळ्यांना माहीत होते. पेपरमध्ये छोटी बातमीही आली होती. पण त्याचा धंदा निव्वळ दुकानातला नव्हता. शिलाई मशीन घरात असते. दुरुस्त करणाऱ्याला घरात घ्यावे लागते, आणि बहुतेक वेळा घरात एकटी बाई असते. "चाचा, मशीन बघा, मी दळण घेऊन येते," असे म्हणून बायका निर्धास्त निघून जात. ते बंद झाले. कोणी त्याला चोर म्हटले नाही. कोणी म्हणे, सध्या मशीन बरी चालते. कोणी म्हणे, ह्यांना विचारून सांगते. काहींनी दुरुस्तीला टाकलेल्या मशीन काम न होताच उचलून नेल्या. सात-आठ महिन्यांत त्याने फळी कायमची लावली आणि गाव सोडले. तोवर माझीही बदली झाली होती.

निवृत्तीनंतर मी लातूरला घर केले. गेल्या वर्षी एका लग्नासाठी नांदेडला गेलो असताना मुद्दाम चौकशी करून त्याला शोधले. जुन्या शहरात एका मोठ्या मशीन दुकानाच्या मागच्या बाजूला तो रोजंदारीवर काम करत होता. समोर एका मशीनची आतली चाके सुटी करून मांडली होती. मी उभा राहिलो. त्याने वर पाहिले, ओळखायला क्षणभर लागला, मग उठून स्टूल पुसले. "बसा, साहेब. रिटायर झालात का?"

मी तीन वाक्ये मनात जुळवून गेलो होतो. त्यांतले एकच निघाले. "मी त्या सकाळी आलो नाही."

"हाव," तो म्हणाला. "मी दुकान झाडून बसलो व्हतो. शेजारून दोन खुर्च्या मागून आणल्या. दुपारपर्यंत बसलो. मंग वाटलं, साहेबाला काम निघालं असंल."

"काम निघालं होतं. पण नंतर येता आलं असतं."

त्याने मान हलवली. मला माफ केले, असे तो म्हणाला नाही, आणि रागावूनही बोलला नाही. हातातला स्क्रू डबीत टाकला. "इथं बरं हाय, साहेब. मालक चांगला हाय. इथं मला कोणी वळखत न्हाई, म्हणून लोक घरी बोलवतात."

तिथून परत येताना गाडीत मी त्याच्या या वाक्याचाच विचार करत होतो. तीस वर्षे एका गावात राहून, घराघरांत जाऊन या माणसाने ओळख मिळवली होती. छोट्या धंद्यात भांडवल थोडे असते. लोकांचा भरवसा हेच खरे भांडवल. कर्ज काढून दुकान पुन्हा उभे करता येते. हे भांडवल कोणती बँक देणार? आणि ते मी बाजाराच्या दिवशी, फारशी गरज नसताना, घालवले होते. त्याला दुकानातून आणण्याचा मला अधिकार होता की नाही यावर वाद घालता येईल. पण परत नेऊन बसवणे माझे काम होते, याबद्दल वाद नाही. आमच्या स्टेशन डायरीत माणूस आणल्याची वेळ लिहिली जाते, सोडल्याचीही लिहिली जाते. सोडलेला माणूस आपल्या जागी पोहोचला की नाही, हे कोणी लिहीत नाही. अधूनमधून नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायची संधी मिळते, तेव्हा मी त्यांना शौर्याचे किस्से सांगत नाही, हे सांगतो. चौकशीला बोलवायचे तर नोटीस द्या, बाजूच्या खोलीत बसवा, आणि तो जे सांगतो ते आधी तपासा. चूक झाली तर ती जेवढ्या लोकांसमोर केली तेवढ्याच लोकांसमोर निस्तरा, आणि त्याच आठवड्यात. उशीर झाला की धाडस होत नाही.

हे सगळे लिहून काढायचे ठरवले तेव्हा मी त्याला फोन करून विचारले.

"लिवा की. खरंच हाय ते," तो म्हणाला. "फकस्त माझं नाव नका टाकू, साहेब. आता कुठं लोक विसरून राहिलेत."

म्हणून इथे कोणाचेच नाव दिलेले नाही.